दोन करारनामे

पूर्वी धर्मग्रामस्थ आमच्याकडे परगावाहून आलेली पत्रे वाचून घ्यायला येत. आता भाडेकरार घेऊन येतात. वसईतील कितीतरी वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, एकत्र घरे विभागली, आणि लग्न ठरले की मुलगा आधी भाड्याचे घर शोधू लागतो. वकिलाकडे जावे इतका हा व्यवहार कुणाला मोठा वाटत नाही. एजंटाला विचारावे, तर त्याची दलाली सह्या झाल्यावरच हाती पडायची असते. मग उरतात फादर. आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. परंतु ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेने १२९० व्या कलमात चर्चच्या मालमत्तेच्या करारांनाही सामान्यतः देशाचाच कायदा लावला आहे, त्यामुळे तो थोडाबहुत वाचणे आमच्या वाट्याला येतेच.

एका पावसाळ्याच्या तोंडावर एक तरुण असेच दोन मसुदे घेऊन आला. त्याची वाग्दत्त वधू परिचारिका. तिचे परदेशी नोकरीचे कागद चालू होते. पहिल्या घराचे भाडे दरमहा ११,००० रुपये आणि अनामत ३०,०००; दुसऱ्याचे भाडे १२,००० आणि अनामत ५०,०००. पहिल्या घराचे मालक आपल्याच चर्चमधले, दुसरे अनोळखी. मुलाचे मन ठरलेले होते. “फादर, हजार रुपये कमी आणि माणूस आपला. नुसती नजर टाका,” तो म्हणाला.

नुसती नजर टाकून करार कळत नाही. सेमिनरीत आम्हांला मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने तीन स्तंभांत शेजारी शेजारी मांडून वाचायला शिकवीत. ग्रीसबाख या जर्मन पंडिताने १७७६ साली तशी मांडणी छापली, तेव्हापासून ही अभ्यासाची रीत रूढ झाली. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मत्तयाकडे मोठी आहे, लूककडे लहान. मार्ककडे ती त्या रूपात नाहीच. एकेक ग्रंथ वेगळा वाचला तर हे लक्षातही येत नाही. जे एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, तेथे बोट ठेवायचे, ही सवय आम्हांला तेव्हा लागली. शुभवर्तमानांसाठी लागलेली सवय भाडेकरारांना लावणे कुणाला अप्रशस्त वाटेल. आम्हांला वाटत नाही.

आम्ही फुलस्केप कागदावर मधोमध रेघ ओढली आणि दोन्ही मसुद्यांना तेच तेच प्रश्न विचारू लागलो. सोसायटीचा मेंटेनन्स कोणी भरायचा? पहिला म्हणतो, राहणाऱ्याने, दरमहा ९००. दुसरा म्हणतो, मालकाने. घर सोडताना रंगकाम? पहिल्यात एका महिन्याचे भाडे अनामतीतून कापून घेण्याचे कलम. दुसऱ्यात तसे काही नाही. अनामत परत केव्हा? दुसऱ्यात किल्ल्या देताना, पहिल्यात ‘यथावकाश’. हा शब्द प्रवचनात शोभतो, करारात नव्हे. भिंतीला ओल आली, छत गळू लागले, तर? दुसऱ्यात मालकाची जबाबदारी. पहिला मसुदा गप्प. वसईच्या पावसात ज्याने एक तरी जुलै काढला आहे, त्याला या मौनाचा अर्थ सांगावा लागत नाही. पंखे, दिवे, गीझर यांची यादी दुसऱ्याला जोडलेली होती. मालक घर पाहायला येण्याआधी कळवील की नाही, याविषयी मात्र दोघेही मूक होते.

मग बेरीज केली. अकरा महिन्यांचे भाडे १,२१,०००, मेंटेनन्स ९,९००, रंगकाम ११,०००, एकूण १,४१,९००. दुसऱ्या घराचे १,३२,०००. दुसरीकडे अनामतीत २०,००० अधिक अडकत होते हे खरे, पण वर्षभराच्या त्याच्या व्याजाने ९,९०० चा फरक भरून निघत नाही. स्वस्त घर महाग निघाले.

याहूनही जड कलम तळाशी होते. पहिल्या करारात पूर्ण अकरा महिन्यांचा लॉक-इन होता. मध्येच घर सोडल्यास उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे द्यायचे. मुलीचा व्हिसा पाचव्या महिनाअखेरीस आला असता, तर सहा महिन्यांचे ६६,००० रुपये देणे लागले असते, म्हणजे अनामतीच्या दुपटीहून अधिक. मुलाचा चेहरा उतरला. अनामतीचे पैसे आईच्या बांगड्यांतून उभे राहणार होते, हे तो तेव्हा बोलला.

पहिल्या मालकांना करार फक्त नोटरीकडे करायचा होता. ‘अकरा महिन्यांचाच तर आहे’. हा गैरसमज घरोघरी आढळतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याच्या ५५ व्या कलमाने मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत हवा असे ठरवले. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘लिव्ह अँड लायसन्स’चे मुद्रांक शुल्क पाव टक्का, या व्यवहारात ते सुमारे तीनशे रुपये होते. तेवढ्यासाठी आपली माणसे एवढी जोखीम का घेतात, कळत नाही.

दोन्ही मसुद्यांच्या माथ्यावर तेच नाव होते: लिव्ह अँड लायसन्स. भाडेपट्ट्याने जागेत काही हक्क निर्माण होतो. लायसन्सने केवळ वापरण्याची मुभा मिळते. मुदत संपल्यावरही राहत्या घराचा ताबा सोडला नाही, तर याच कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हे मुलाने ऐकून ठेवावे असे आम्हांला वाटले, कारण कागद दोन्ही बाजूंना बांधतो. दुकानाची जागा, पागडीची खोली किंवा शेतजमीन असेल, तर मात्र आमच्या रेघेच्या कागदावर विसंबू नये, वकील गाठावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्याचा हक्क दिला आहे, आणि तालुका न्यायालयातील समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. आपल्या विधवा भगिनींना हे कुणी सांगत नाही.

आता अवघड भाग. पहिले मालक दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारे. मुलाच्या संमतीने आम्ही मिस्सानंतर त्यांना थांबवले व कागद दाखवला. ते दुखावले. “फादर, माझ्यावर विश्वास नाही का?” आम्ही म्हटले, विश्वास आहे, पण तुमचा मुलगा बंगळूरला असतो, उद्या व्यवहार तो पाहील, आणि त्याच्या हाती तुमचा स्वभाव नव्हे, हा कागद असेल. ते बराच वेळ वाचत राहिले. शेवटी म्हणाले, “हे मी आज पहिल्यांदाच वाचतोय. एजंटाने टाईप करून आणलं होतं.”

त्यांनी मेंटेनन्स स्वतःकडे घेतला, ‘यथावकाश’ खोडले, लॉक-इन तीन महिन्यांवर आणला, गळतीची दुरुस्ती लिहून दिली, नोंदणीला होकार दिला. रंगकामाचे कलम मात्र सोडले नाही. भिंती पूर्वीच्या बिऱ्हाडाने फार खराब केल्या होत्या, म्हणाले. नवी बेरीज केली तर १,२१,००० अधिक ११,०००, म्हणजे नेमके १,३२,०००. दोन्ही घरे एकाच आकड्यावर आली.

अखेर निवड मुलीने केली. दुसरे घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर होते, आणि तिला रात्रपाळी असते. पहिल्या घरात दुसरेच एक कुटुंब राहायला आले, त्याच दुरुस्त मसुद्यावर.