कामगंध सापळ्याचे तंत्र

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे पतंग रात्री उडतात आणि अंधारात नर मादीला वासावरून शोधतो. मादीच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून हा कामगंध बाहेर पडतो. एकाच रसायनाच्या दोन रूपांचे ते जवळपास समसमान मिश्रण असते. प्रमाण बिघडले की नराची ओढ कमी होते. कीटकाचा कामगंध पहिल्यांदा ओळखला तो आडोल्फ बुटेनांट यांनी, १९५९ साली. त्यासाठी रेशीमपतंगाच्या सुमारे पाच लाख माद्या लागल्या. गुलाबी बोंडअळीच्या गंधाचे घटक १९७३ मध्ये कळले.

नराच्या शृंगिकांवर अतिसूक्ष्म केस असतात. केसांवरच्या छिद्रांतून गंधाचे रेणू आत शिरतात. तिथली प्रथिने त्यांना चेतापेशींपर्यंत नेतात आणि संदेश मेंदूत पोचतो. काम झालेले रेणू विकरे लगेच मोडतात, म्हणून पुढची झुळूक वेगळी ओळखता येते. हे गरजेचेच असते, कारण वाऱ्यावर गंध सलग येत नाही, तुटक येतो. वास लागला की नर वाऱ्याच्या उलट दिशेने झेपावतो. सुटला की आडव्या घिरट्या घालून तो पुन्हा हुडकतो.

सापळा लावण्याचे कसब या वागण्यावर बेतलेले आहे. सापळा पिकाच्या शेंड्याच्या साधारण फूटभर वर ठेवतात आणि पीक वाढेल तसा वर सरकवतात. पानांत दडला तर गंध वाऱ्यावर पसरत नाही. सापळ्यात ल्यूर, म्हणजे कृत्रिम कामगंधाचे आमिष, बसवताना हाताला कांदा, लसूण, तंबाखू किंवा दुसऱ्या किडीच्या ल्यूरचा वास नसावा. मुदत संपली की ल्यूर बदलावा लागतो.

पाहणीसाठी हेक्टरी ५ सापळे पुरतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग सापडले, तर नुकसानीची पातळी गाठली असे धरतात. त्याच वेळी डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेली फुले, मोजणे आणि हिरवी बोंडे फोडून पाहणेही आवश्यक असते. अशी फुले किंवा किडकी बोंडे १० टक्के भरली, तरी इशारा तोच.

सापळ्यात नरच अडकतात. मिलन उरकलेली मादी अंडी घालतच राहते आणि बाहेर उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे पाहणीपुरते लावलेले थोडे सापळे कीड आटोक्यात आणत नाहीत. उपाय कधी करायचा, एवढेच ते सांगतात. पतंग रोज मोजून वहीत टिपले, तरच त्या सांगण्याचा उपयोग होतो.