समासातली पेन्सिल

सरांना पीएच.डी.चे गाईड म्हणून विद्यापीठाची मान्यता मिळाली, ते पत्र मी उघडलं होतं. 1983 चा श्रावण. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या बिऱ्हाडी मी एक पुस्तक परत करायला गेले होते. सर आंघोळीला गेलेले, काकूंना चष्मा सापडेना, आणि दारात पोस्टमन. "उघड गं, विद्यापीठाचं दिसतंय," काकू म्हणाल्या. आत सायक्लोस्टाईल केलेला अर्धा कागद होता. मजकूर छापील, सरांचं नाव आणि 'इतिहास' हा शब्द तेवढा शाईने भरलेला. काकूंनी तो देवापुढे ठेवला. सरांनी बाहेर येऊन तो दोनदा वाचला, घडी केली आणि मला म्हणाले, "चला, आता तुमचा अर्ज भरून टाकू."

त्या कागदाची वाट त्यांनी नऊ वर्षं पाहिली होती आणि त्यांच्यामागे मी दोन वर्षं.

तेव्हाच्या पायऱ्या ठरलेल्या असत. आधी कॉलेजातल्या नेमणुकीला विद्यापीठाची ॲप्रूव्हल. पदवीच्या वर्गांवर बरीच वर्षं काढली की एम.ए.ला शिकवायची परवानगी, म्हणजे 'पी.जी. रेकग्निशन'. आणि त्याच्याही वर गाईडशिप. नुसतं रेकग्निशन मिळालं तरी गावात त्या शिक्षकाकडे बघायची नजर बदलायची. मी एम.ए. नगरला केलं. तिथे दोन-तीन कॉलेजांतले मान्यताप्राप्त शिक्षक एकाच केंद्रावर तासाला येत. दिवसभर आपापल्या कॉलेजात एफ.वाय.-एस.वाय.चे वर्ग घेऊन संध्याकाळी सायकलवर टांग मारायची, कॅरिअरला टाचणांची वही लावायची आणि आम्हा अकरा जणांना मराठ्यांचा इतिहास शिकवायला यायचं. त्यांचे तास क्वचितच बुडाले. एम.ए.ला शिकवणं हा मान आहे आणि तो रोज नव्याने कमवावा लागतो, असं ती माणसं वागत.

गाईडशिपचा अर्ज प्राचार्यांमार्फत जाई. विद्यापीठात त्या त्या विषयाची जाणती मंडळी एकत्र बसत आणि अर्जदाराचं नाव पुढे आलं की बोलत. या बैठकीचं कामकाज मला सरांकडूनच पुढे कळलं. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकात आलेला त्यांचा एक लेख समितीतल्या एका वयोवृद्ध सभासदांनी वाचला होता. एवढंच नाही, त्यातल्या एका तारखेबद्दल त्यांचं सरांशी पत्रातून भांडणही झालं होतं. ते म्हणाले, हा माणूस कागद वाचतो, याच्याकडे मुलं सोपवायला हरकत नाही. एका वाक्यावर काम झालं. पण आधीची नऊ वर्षंही असंच कुणाचं तरी एक वाक्य आड आलेलं असणार. कुणाचं आणि का, ते सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. नकाराला कारण द्यायची रीत नव्हती.

त्या काळाबद्दल लिहिताना मला या दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात.

याच्याही मागे गेलं तर मान्यतेचा अर्थ आणखी सैल होता आणि आणखी मोठाही. डेक्कन कॉलेज 1939 मध्ये पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभं राहिलं, तेव्हा ह. धी. सांकळिया, इरावती कर्वे आणि त्र्यं. शं. शेजवलकर ही तीन माणसं एका छताखाली आली. सांकळियांची डॉक्टरेट लंडनची, इरावतीबाईंची बर्लिनची. शेजवलकरांनी पीएच.डी. केलेली नव्हती. तरी मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापक म्हणून ते तिथे होते आणि त्यांचं 'पानिपत : 1761' त्याच संस्थेने 1946 मध्ये छापलं. दा. ध. कोसंबी हार्वर्डचे बी.ए.; पुढे त्यांनीही पीएच.डी. केली नाही. आजच्या नियमाने या दोघांच्याही नावावर एक विद्यार्थी नोंदवता आला नसता. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये 1924 पासून समाजशास्त्र विभाग सांभाळत होते. 1959 मध्ये ते निवृत्त झाले, पण विद्यार्थी त्यांच्याकडे येत राहिले आणि प्रबंध होत राहिले. आता निवृत्तीला तीन वर्षं उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही आणि सत्तरीनंतर सहमार्गदर्शक म्हणूनही नाव राहत नाही.

सांकळियांचे विद्यार्थी एकेका नदीचं खोरं पायी तुडवत. आमच्या नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला 1954 ते 1956 उत्खनन झालं, त्याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत. मांडवात बसून मातीच्या खापऱ्या धुणारी ती पुण्याची मुलं पुढे स्वतः मोठे संशोधक होणार आहेत, हे माझ्या आजोळच्या माणसांना काय ठाऊक! त्यांना एवढंच दिसे की मुलांच्या बरोबरीने त्यांचे सरही उन्हात उभे आहेत.

माझे सर एवढे मोठे नव्हते. पण वाचत असत. रविवारी सकाळी आठला जायचं, सोबत नवं प्रकरण न्यायचं आणि मागच्या रविवारी दिलेलं परत घ्यायचं. काकू पोहे करत. प्रकरणाच्या डाव्या समासात सरांची पेन्सिल फिरलेली असे, टोक इतकं बारीक की अक्षर मोहरीएवढं. कौतुक कुठे नसायचं. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा: 'हे तुम्हाला कुठून कळलं?' माझ्या पहिल्या प्रकरणात तो सदतीस वेळा होता. मी मोजला आणि वाड्याच्या जिन्यातच रडले. दुसऱ्या प्रकरणात अकरा वेळा. पेशवे दफ्तरातल्या रुमालांत मी दिवसचे दिवस काढले ते त्या प्रश्नाच्या धाकाने. शाई का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "प्रबंध तुमचा आहे. पटलं नाही तर पुसता आलं पाहिजे."

यातली पहिली दोन प्रकरणं सरांनी मान्यता नसताना वाचली होती. त्या वेळी माझी नोंदणीच झालेली नव्हती.

माझ्या एका मैत्रिणीला मात्र फार नावाजलेले गाईड मिळाले होते. मान्यता पक्की, विद्यापीठात शब्दाला वजन. त्यांच्याकडे विद्यार्थी किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिचं तिसरं प्रकरण त्यांच्या कपाटात चौदा महिने पडून राहिलं. दर महिन्याला ती एस.टी.ने यायची, बाहेरच्या बाकावर बसायची आणि 'पुढच्या खेपेला बघू' ऐकून परत जायची. शेवटी प्रकरण मिळालं तेव्हा त्याला लावलेली टाचणी गंजली होती आणि समास कोरा होता. दुसरीचं लग्न होऊन ती सोलापूरला गेली. विद्यापीठ बदललं, गाईड बदलावे लागणार, केलेलं काम तिकडे कुणी धरेना. तिची चार वर्षांची टिपणं पत्र्याच्या ट्रंकेत राहिली. दोघींचीही पीएच.डी. झाली नाही. दोघीही माझ्यापेक्षा हुशार होत्या, हे मी विनयाने म्हणत नाही.

म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाची 2009 ची नियमावली आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. एका गाईडकडे पीएच.डी.चे आठच विद्यार्थी. प्रवेशपरीक्षा. कोर्सवर्क. 2016 मध्ये मोजमाप आणखी बारीक झालं: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. बाईमाणसाला मुदतीत दोन वर्षांची सवलत, 240 दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा. आणि लग्नामुळे किंवा आणखी कशाने दुसऱ्या गावी जावं लागलं, तर तिचं संशोधन नव्या विद्यापीठात नेण्याची मुभा. हे कलम मी सोलापूरला फोन करून वाचून दाखवलं. पलीकडून ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं झालं गं. कुणाला तरी होईल."

आता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणत्या गाईडकडे किती जागा रिकाम्या आहेत, ते दिसतं. अकोल्याजवळच्या खेड्यातल्या मुलाला कुणाची चिठ्ठी नेऊन उंबऱ्यापाशी उभं राहावं लागत नाही. सरांपर्यंत मी पोचले ते वडिलांचे मित्र सरांच्या ओळखीचे होते म्हणून. ज्यांच्या वडिलांची अशी ओळख नव्हती, त्या मुलांना सर भेटलेच नाहीत. जुन्या दिवसांच्या आठवणी काढणाऱ्या आमच्या पिढीने हे विसरू नये.

पण त्याच वेळी मोजणी वाढत गेली. 2010 पासून शिक्षकांच्या बढत्या गुणांवर बेतल्या गेल्या आणि पदवी मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे गाईडला दहा गुण ठरले. विद्यार्थी हा गुणपत्रकातला रकाना झाला. गाईड होण्यासाठी सहायक प्राध्यापकाला आधी दोन शोधनिबंध लागत, 2022 पासून तीन. वरच्या दोन पदांना पाच. निबंध कोणत्या नियतकालिकात असावा, यासाठी 2019 पासून 'केअर' यादी होती. ती तयार करणारा कक्ष आपल्या पुणे विद्यापीठातच होता. बनावट नियतकालिकांचा सुळसुळाट पाहता यादीची गरज होतीच. 2025 च्या फेब्रुवारीत ती बंद केल्याचं आयोगाने जाहीर केलं आणि पारख पुन्हा ज्या त्या विद्यापीठावर आली.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाने मला अशाच मान्यता समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. दुपारी दोनला बसलो, सहापर्यंत त्रेचाळीस अर्ज संपवायचे होते. प्रत्येक फायलीवर तक्ता चिकटवलेला: नियमित पूर्णवेळ नेमणूक, पीएच.डी., निबंधांची संख्या, पुरावे. बरोबरच्या खुणा जुळल्या की फाईल उजवीकडे, नाहीतर डावीकडे. एका गृहस्थांचे एकोणीस निबंध होते. त्यांची फाईल चहाचा कप खाली ठेवेपर्यंत उजवीकडे गेली. पुढची फाईल एका तरुण शिक्षिकेची. निबंध तीनच, आणि त्यातला एक ज्या त्रैमासिकातला, ते लेख परीक्षकांकडून तपासून घेतं याचं संपादकांचं पत्र जोडलेलं नव्हतं. तो लेख मी वाचला होता. जुन्नर भागातल्या बलुतेदारांच्या मोडी तक्रारअर्जांवरचा. तिने एका सुताराच्या घराण्याचा हक्क तीन पिढ्यांच्या कागदांतून उलगडून दाखवला होता. मी म्हटलं, "हा लेख मी वाचलाय. या बाईंना मुलं सोपवायला हरकत नाही."

म्हणता म्हणताच मला कळलं की मी चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या वृद्ध सभासदांचं वाक्य बोलतेय.

अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही वाचलाय, पण बाकीच्यांचे तुम्ही वाचलेत का? मग त्यांच्यावर अन्याय नाही का होणार?" त्यांचं बरोबर होतं. माझंही चुकलं असं मला आजही वाटत नाही. फाईल डावीकडे गेली. एवढंच की डावीकडे का, ते तक्त्यावर लिहिलेलं होतं. पत्र जोडून तिने पुन्हा अर्ज केला आणि तिला पुढच्या खेपेला मान्यता मिळाली. सरांसारखी नऊ वर्षं लागली नाहीत.

त्या दुपारी त्रेचाळीस फायलींत एक गोष्ट कुठेच नव्हती आणि 1983 च्या त्या अर्ध्या कागदावरही नव्हती: हा माणूस विद्यार्थ्याचं प्रकरण वाचतो का? निबंध मोजता येतात, जागा मोजता येतात, साधर्म्याची टक्केवारी यंत्र काढून देतं. 2018 पासून ती दहाच्या आत असावी लागते. पण कोऱ्या समासासाठी कुणाची मान्यता गेल्याचं मी कधी ऐकलं नाही, तेव्हाही आणि आत्ताही. कच्ची प्रकरणं मागवा, दोन-चार पानं उघडून बघा, एवढंच माझं त्या समितीला सांगणं होतं. इतिवृत्तात ते आलं. पुढे काही झालं नाही.

हल्ली रविवारी माझ्याकडे माझीच एक जुनी विद्यार्थिनी येते. पीएच.डी. होऊन बारा वर्षं झाली, अकरा वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवते आहे. नियमित पद नाही म्हणून गाईडशिप नाही. तक्त्यातला पहिलाच रकाना तिला अडवतो. तिच्या विभागातल्या मान्यताप्राप्त गाईडांचे विद्यार्थी मोडी अडली की तिच्याकडे येतात, मग मोडीच्या निमित्ताने प्रकरणही ठेवून जातात. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिचं नाव येत नाही. ऋणनिर्देशात येतं, ग्रंथपालांच्या नंतर.

गेल्या रविवारी तिने एका मुलाचं प्रकरण आणलं होतं. एका शिक्क्यावरून तिला शंका होती, मला विचारायचं होतं. मी पानं उलटत गेले. समास कोरा होता.

"तू काही लिहिलं नाहीस?" मी विचारलं.

"लिहिलं होतं, मॅडम. त्याने वहीत उतरवून घेतलं, मग मी पुसलं. उद्या हे त्याच्या गाईडांकडे जायचंय. त्यांना वाईट वाटायला नको."

मी पान खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. खोडरबर फिरलेल्या जागी कागद किंचित खरखरीत झाला होता आणि पेन्सिलीचा दाब राहिला होता. अक्षर सरांपेक्षा मोठं, डावीकडे झुकलेलं. 'हे तुम्हाला कुठून' एवढं स्पष्ट लागत होतं.