गिरणगावातील 'मोकळी जागा'

परवाच्या रविवारी आईला आणि मुलीला घेऊन परळला गेलो. बाबासाहेब जिथे राहिले ती बी.आय.टी. चाळ नातीला दाखवायची, अशी आईची फार दिवसांची इच्छा होती. चाळीला वंदन करून आम्ही करी रोडच्या पुलावरून लोअर परळकडे निघालो. पुलावर आई थांबली. नातीला म्हणाली, "भोंगा झाला की तुझे आजोबा भाकरी बांधून याच वाटेनं जायचे."

बाबा रिंग खात्यात होते. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त. पण धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब. १९२८ च्या संपावेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता.

बाबांची गिरणी आता नाही. चिमणी तेवढी उभी आहे. भोवती काचेचे मनोरे आणि फाटकावर वॉचमन. आम्ही रस्त्याच्या पलीकडूनच पाहिले.

"आजी, इथे आपल्यालाही घर मिळणार होतं ना?" मुलीने विचारले. त्याचे उत्तर वाचकांनीही समजून घ्यावे असे आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळ जण पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करताना साधारण तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त 'मोकळ्या' जागेची, शेड पाडून रिकाम्या होणाऱ्या जागेची नाही. गिरणीत बहुतेक जागा शेडखालीच असते. म्हणजे वाटणी घराची ठरली आणि ऐनवेळी सांगितले, फक्त अंगणाची!

या शब्दावरून कज्जा झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल शहराच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम ठेवला. मनोऱ्यांची वाट मोकळी झाली.

कामगारांनी लढा सोडला नाही. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली, घर २२५ चौरस फुटांचे. पुढे २०१६ आणि २०२० सालीही सोडती झाल्या. अर्ज मात्र लाखाच्या वर. बाबांच्या पश्चात आईने वारस म्हणून अर्ज केला. आमचा नंबर अजून लागलेला नाही.

ट्रंकेत बाबांचा गिरणीचा पास आणि ई.एस.आय.चे कार्ड आईने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवले आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. बाबा गिरणीत होते याचा पुरावा तेवढाच उरला आहे.

परतताना आई नातीला म्हणाली, "पोरी, आम्हाला वाचता येत नव्हतं. एका शब्दात काय काय जातं ते कळलं नाही. तू नियम वाचायला शीक."

मुलगी काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने ट्रंक उघडली आणि एकेक कागदाची नक्कल वहीत उतरवून घेतली.