चिंध्यांची किंमत

“चिंध्यांच्या बाहुलीचे ९०० रुपये!” हा उद्गार आम्हां नणंद-भावजयांस आतां नवा राहिलेला नाहीं. कापड, कापूस व दोरा मिळून १५० रुपयेच होतात, हें खरें. परंतु शिवलेले हातपाय उलटवून त्यांत कापूस ठासणें, मान लटकूं नये म्हणून ती दुहेरी शिवणें, टांक्यांनीं डोळे-ओठ काढणें, यांत तीन दिवस जातात. १९०५ सालीं केटे क्रूझे या जर्मन बाईनें मुलीकरितां टॉवेलांत वाळू भरून, बटाट्याचें डोकें लावून बाहुली केली. पुढें तिच्या बाहुल्या देशोदेशीं विकल्या गेल्या. त्याही कांहीं स्वस्त नव्हत्या!

आमच्याकडे पुष्कळदां गिऱ्हाईकच कापड आणतें, आणि खरी पंचाईत तेथेंच. गेल्या वर्षीं एका भगिनीनें दिवंगत आईचें इरकली लुगडें आणलें. मुलीसाठीं त्याच लुगड्यांतली आजी हवी होती. वस्त्र विरलेलें, कात्री चुकली तर दुसरा तुकडा कोठला? आम्हीं आधीं जुन्या पंचावर बेत घेतला. शिवाय चार बोटें काठ हातभर बाहुलीच्या गुडघ्यांवर जाई; तो आंत मुडपून बोटभर ठेवला.

बाहुली हातीं येतांच बाईंनीं तिचा पदर डोक्यावर ओढला. “आई उघड्या डोक्यानें कधीं बसली नाहीं,” एवढेंच त्या म्हणाल्या.

हल्लीं अशी मागणी आली, कीं दर सांगण्यापूर्वीं आम्ही विचारतों, “त्या पदर कसा घेत?”