शके 1840 चा आश्विन

पणजोबांची पहिली बायको आमच्या घरात वर्षातून एकदाच आठवली जायची, पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला. सवाष्ण जेवू घालायची, खणानारळाने तिची ओटी भरायची. पणजोबा गेले आणि नवमीही थांबली. नवऱ्याच्या पश्चात ती करायची नाही, अशी आमच्याकडची रीत. मग तिचं नाव घ्यायला निमित्तच राहिलं नाही. आम्ही सगळे दुसरीचे. आजीला पहिलीबद्दल एवढंच ठाऊक होतं, ‘तापानं गेली. पदरात पोर नव्हतं.’

पणजोबा होळकर सरकारात कारकून. इंदुरात इमली बाजारात बिऱ्हाड. त्यांची नोकरी, त्यांचा पगार यांच्या गोष्टी घरात होत्या, हिची एकही नाही. म्हणून मी नाशिकला आमच्या क्षेत्रोपाध्यांकडे गेले. जुनी वही निघाली. मोडीतली ओळ गुरुजींनी बोट ठेवून वाचली: शके 1840, आश्विनात भार्या मृत, अस्थी घेऊन आले, खाली पणजोबांची सही. आणि तिचं नाव. ते ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. पणजोबा गेल्यापासून घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं.

शके 1840 चा आश्विन म्हणजे 1918 चा ऑक्टोबर. जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेला इन्फ्लुएन्झा पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्यांदा उसळला आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माणसं गेली, आणि पुरुषांपेक्षा बायका अधिक. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या त्याच, आणि उरलंसुरलं खाणाऱ्याही त्याच. तिचा ताप तोच होता, असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. महिना मात्र तोच आहे, आणि माझ्यापुरतं मी ते मान्य केलं आहे.

तिची त्याआधीची दिवाळी मला जास्त जवळून दिसते. प्लेगने गांजलेल्या इंदूरची नव्याने आखणी करायला तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं. 1917 च्या दिवाळीत त्यांनी एक अनोखी मिरवणूक काढली. जे रस्ते सर्वांत स्वच्छ, तिथूनच ती जाणार असं आधी जाहीर केलं, आणि गल्लोगल्ली झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, आणि शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून सफाई कामगार चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. इमली बाजार राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. ती ओट्यावर उभी राहिली होती की नाही, हे मी ठरवणार नाही. पण त्या आठवड्यांत आपल्या दारापुढचा कचरा तिने काढला नसेल, हे मला पटत नाही. उंदीर जळला. पुढच्या दिवाळीआधी ती गेली, उंदराशी संबंध नसलेल्या रोगाने.

गेडिसचा इंदूरवरचा अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत निघाला. मी तो आमच्या आळीसाठी वाचायला घेतला. जुनी घरं सरसकट पाडू नका, जिथे अगदी गरज तिथेच मोकळी जागा काढा, असं तो पानोपानी विनवतो. वाचताना त्याचं चरित्रही चाळलं, आणि तिथे थबकले. त्याच 1917 साली, एप्रिलमध्ये त्याचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला होता, आणि जूनमध्ये बायको अॅना कलकत्त्यात आजारपणात वारली होती. त्यानंतर काही महिन्यांतच या माणसाने परक्या शहरात दिवाळी उभी केली. अॅनाचं नाव पुस्तकांत आहे, तिच्या मृत्यूचं गाव आहे, महिना आहे. आमच्या पहिलीचं सगळं एका वहीतल्या एका ओळीत आहे.

यंदा अविधवा नवमीला मी सवाष्ण बोलावली. रीत मोडली, असं काका म्हणाले, मोडली. आता तिचं माहेर शोधते आहे. आमच्या ओळीत ते नाही, पण माहेरच्यांचीही कुठल्यातरी उपाध्यांकडे वही असेलच.