मेणाची डबी

परवा माळा आवरताना आईची फणेरपेटी हाती लागली. आरशाचा पारा उडालेला, फणीचे दात पडलेले. मेणाची डबी उघडली आणि वास आला. आई आधी बोटानं मेण लावायची, मग त्यावर कुंकू. टिकली चिकटवायची नाही कधी.

बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दुसऱ्या वर्षी आत्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पहाटेपासून लाडू वळून थकलेली आई बायकांच्या ओळीतच टेकली. करंडा माझ्या हातात होता. मी समोर आले, तशी सवयीनं तिनं मान किंचित पुढं केली. मागून आत्या म्हणाली, "पुढं चल." मी पुढच्या बाईकडे सरकले. आईनं मान मागं घेतली आणि पदराची दशी उगाच नीट केली.

आत्यावरचा तो राग मी वर्षानुवर्षं जपला. आतोबा गेले तेव्हा कुणीतरी ओल्या फडक्यानं आत्याचं कपाळ पुसलं. मी दारात उभी होते. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आजही खुपतं.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. आपल्याही गावात असा ठराव व्हावा म्हणून मी घरोघर फिरले. प्रत्येक ठिकाणी आईचं दुःख सांगितलं. माझा हात कधीच सांगितला नाही.

सोसलेल्यांना बोलायचा हक्क असतो. केशवपन सोसलेल्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, गावाचा बहिष्कार झेलला आणि पुढं विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी मागितली. तो हक्क त्यांचा. माझं नातं मुंबईच्या नाभिकांशी. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं ते जमले आणि विधवांचं वपन करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. रूढी त्यांनी घातलेली नव्हती, पण वस्तरा त्यांच्या हातात होता. कुणाच्या सांगण्यावरून चालला, हे न बघता त्यांनी तो खाली ठेवला.

"पुढं चल" आत्या म्हणाली खरं. सरकले मी.

यंदा संक्रांतीला पेटी घेऊन आत्याकडे गेले. ऐंशी ओलांडलेली आत्या खाटेवर बसली होती. त्या दिवसाचं सगळं तिला सांगितलं. माझ्या दारातल्या त्या समाधानासकट. ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी मला एका शब्दानं बोलली नाही गं कधी."

मी डबी उघडली. मेण वाळून खडा झालेलं. तसंच कोरडं कुंकू बोटावर घेतलं. आत्यानं मान किंचित पुढं केली, अगदी आईसारखी. कुंकू टिकलं नाही. थोडं नाकावर सांडलं. तिनं ते पुसलं नाही.