मनगट

वाढत्या मुलाचं वय डॉक्टरांना अजमावायचं असलं, तर ते मनगटाचा एक्स-रे काढतात. नवजात बाळाच्या मनगटात सहसा एकही हाड तयार झालेलं नसतं, असते ती सगळी कूर्चा. पहिल्या काही महिन्यांत दोन ठिपके उमटतात, मग वर्षागणिक एकेक हाड आकार धरत जातं आणि आठवं, वाटाण्याएवढं, दहा-बारा वर्षांच्या सुमारास दिसू लागतं. सोळा वर्षांखालच्या क्रिकेट स्पर्धांतल्या मुलांचं वय बीसीसीआय याच हाडांवरून पडताळून बघतं.

माझं मनगट पहिल्यांदा दुखावलं तेव्हा त्यातलं शेवटचं हाड बहुधा उमटायचंच होतं. पेरूच्या झाडावरून पडले, हात टेकला आणि मनगटाच्या जरा वर हात वाकडा झाला. आजीचं म्हणणं, हाडवैद्याकडे न्या. आमच्या साताऱ्याकडच्या गावात तीच रीत होती. आंबेहळदीचा लेप, वर बांबूच्या कामट्या आणि घट्ट पट्टी. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मात्र एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. एका बाजूने चिरतं, दुसरी बाजू धरून राहते. आणि ते जुळतंही लवकर. आधी कच्चं प्लॅस्टर, सूज उतरल्यावर पक्कं. पट्ट्यांना प्लॅस्टरची पूड चोळून त्या ओल्या करून गुंडाळायची ही युक्ती मातिसन नावाच्या डच लष्करी सर्जनने 1852 मध्ये प्रसिद्ध केली आणि इतक्या वर्षांनीही ती तालुक्यातालुक्यांत चालते आहे.

आमच्याच आळीतल्या एका मुलाचा हात त्याच सुमारास कोपराजवळ मोडला. त्याला हाडवैद्याकडे नेलं. पट्टी इतकी आवळली होती की रात्रभर तो रडला आणि घरच्यांनी हाड मोडल्याचंच दुखणं समजून त्याला थोपटलं. हाड जुळलं, पण दंडाखालचे स्नायू रक्तावाचून मेले आणि बोटं कायमची आकड्यासारखी वळली. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी 1881 मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलं होतं. हाडवैद्यांच्या हातात गुण असतो हे मी नाकारत नाही, अनेकांचा मी पाहिला आहे. पण पट्टी असो वा प्लॅस्टर, बांधल्यावर बोटं गार पडली, निळसर किंवा बधिर झाली, किंवा कुणी बोट सरळ करताना कळ सोसवेना, तर त्या क्षणी ते सोडवून घ्यायचं. सकाळची वाट बघायची नाही.

पुढे लग्न झालं, भाकरी थापायला लागले. ज्वारीचं पीठ मळताना हाताकडे एकदा नीट बघा. बोटं हलतात, पण फुगतात-उतरतात ते कोपराखालचे स्नायू. बोटांमध्ये त्यांना वाकवणारा स्नायू नाहीच. मोठे सगळे वर बसलेले आणि त्यांच्या कंडरा दोऱ्यांप्रमाणे मनगटातून खाली आलेल्या. तळहाताच्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते. तिथे जरा सूज आली की नस दाबली जाते आणि रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. शिवणकाम करणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या किती बायका झोपेतून उठून हात झटकत बसतात!

मुलगी झाली आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. तिला काखेत धरून उचललं की डोळ्यांत पाणी यायचं. घरातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, बाळंतपणात वारं शिरलं. मला ते पटेना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट करंगळीकडे झुकवलं आणि मी ओरडले. अंगठ्याच्या दोन कंडरांवरचं आवरण जाड झालं होतं. स्विस सर्जन द कर्व्हँ यांनी हे दुखणं 1895 मध्ये वर्णिलं.  मला पट्टा बांधला आणि बाळ अंगठे ताणून न उचलता तळहात खाली घालून उचलायला शिकवलं. ओल्या बाळंतिणीचं हे दुखणं सोसून काढायचं नसतं.

मग आईचं मनगट. साठीच्या आत होती. मोरीत पाय घसरला, हात टेकला. माझ्यासारखंच पडणं, पण हाड तिचं होतं. मनगटाच्या अगदी वर रेडियस हे हाड मोडलं आणि पंजा मागच्या बाजूला सरकला. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी 1814 मध्ये, एक्स-रे नव्हते तेव्हा, नुसत्या बोटांनी चाचपून या मोडण्याचं वर्णन केलं होतं. आईचं हाड बसवलं, प्लॅस्टर घातलं. ते काढलं तेव्हा हात ओळखू येईना. कातडीचे पोपडे, दंडाखालचा भाग निम्म्याने वाळलेला, मूठ मिटेना. कोमट पाण्यात ओला टॉवेल पिळायचा, मग कणीक मळायची, असं करत करत तिने मूठ परत मिळवली. पहिली पोळी लाटली तेव्हा तिने ती उलटून-पालटून पाहिली, काठ जाड राहिला म्हणून परत लाटली.

सगळे म्हणाले, बरं झालं, मनगटावर निभावलं, खुबा वाचला. काही वर्षांनी खुबाच मोडला.

याची बोच मला अजून आहे. ज्या दवाखान्यात मनगट बसवलं तिथे कुणीही विचारलं नाही की नुसत्या घसरण्याने हे हाड मोडलंच का. हाड रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरून येतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, भरण्यापेक्षा झिजणं वाढतं आणि पहिली काही वर्षं हा वेग फार असतो. बायकांत या ठिसूळपणाची पहिली खूण पुष्कळदा मनगटावरच उमटते. मणके आणि खुबा नंतर. मनगट जुळलं म्हणजे काम संपलं, असं धरून तिला घरी पाठवलं गेलं. त्या मधल्या वर्षांत औषधं होती, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व होतं, चालणं आणि वजन उचलण्याचे व्यायाम होते. तिला त्यातलं काहीच मिळालं नाही.

तुमच्या घरातल्या पन्नाशीपुढच्या बाईचं मनगट साध्या पडण्याने मोडलं असेल, तर प्लॅस्टर निघण्याची वाट बघू नका. डॉक्टरांकडे हाडांच्या घनतेची, डेक्सा नावाची, तपासणी मागून घ्या. आडवं पडून कंबर आणि खुब्याचं चित्र घेतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, दुखत काहीच नाही. त्यांनी नाही म्हटलं, तर का नको ते विचारा.